नाटकाचे घटक: सुरुवात शेवटच्या रांगेपासून

तुम्ही आणि तुमचे मित्र गावातल्या सभागृहात पहिल्यांदाच एकांकिका बसवताय. नाटकाचे घटक म्हणून एक यादी तुमच्या हाती आली: कथानक, पात्रं, संवाद, संघर्ष, अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत, वेशभूषा, रंगभूषा. यादी पाठ झाली. पण तालीम कुठून सुरू करायची, आधी काय आणि मागाहून काय, पैसे थोडे असताना ते कशावर घालायचे, हे तिच्यातून कळत नाही, असं तुम्ही विचारलंय.

यादीत चूक काही नाही. पण झालेल्या नाटकाचे भाग सुटे करून पाहणाऱ्यासाठी ती आहे. नाटक उभं करणाऱ्याला उलट्या बाजूने यावं लागतं. माझ्या अनुभवात नाटकाचं दोनच गोष्टींवाचून अडतं. माणसामाणसांत आत्ता, इथे काहीतरी घडत असलं पाहिजे. आणि ते घडताना बघणारा माणूस समोर बसलेला असला पाहिजे. शब्द, आवाज, हालचाल, प्रकाश, कपडे, संगीत ही सगळी साधनं घडणारी गोष्ट त्या माणसापर्यंत पोहोचवण्यासाठी असतात. तो माणूस शेवटच्या रांगेत बसलाय असं धरा आणि प्रत्येक घटक त्याच्या जागेवरून तपासा. कामाचा क्रम आपोआप लागत जातो.

पुरावा हवा असेल तर सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री दशावतार बघायला जा. लिहिलेली संहिता नसते. आख्यान पुराणातलं, प्रवेशांचा क्रम आधी ठरवून घेतलेला, आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतो. नेपथ्य म्हणजे एक बाकडं. दरबारात तेच सिंहासन होतं. साथीला पेटी, पखवाज, झांज. चेहरा ज्याचा त्याने रंगवायचा. तुमच्या यादीतले निम्मे घटक तिथे जवळजवळ नाहीत, तरी गाव पहाटेपर्यंत जागेवरून हलत नाही. कारण दोन राजे समोरासमोर आले की एकाने टाकलेल्या शब्दाला दुसरा काय उत्तर देणार, हे प्रेक्षकाला ठाऊक नसतं आणि पहिल्या राजालाही ठाऊक नसतं. त्यामुळे तो ऐकतो. खरोखर ऐकतो. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हाही पद्यातून कथा पुढे नेणारा सूत्रधार होता आणि पात्रांची भाषणं बरीचशी आयत्या वेळची. लेखी संवाद आपल्या रंगभूमीवर नंतर स्थिरावले. संहितेचं महत्त्व मी कमी करत नाही. पुढे तिच्याबद्दल बरंच सांगायचंय. पण पाठ केलेलं वाक्यही आयत्या वेळी सुचल्यासारखं बोलता आलं पाहिजे, ही अपेक्षा तिथून आलेली आहे.

आता अंतराबद्दल. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाच्याही आधी, दुसऱ्याच अध्यायात, नाट्यगृहाचं माप येतं. माणसांसाठी मध्यम आकाराचं नाट्यगृह सांगितलंय: 64 हात लांब, 32 हात रुंद. हात म्हणजे साधारण दीड फूट धरला तर 96 फूट बाय 48 फूट, आणि त्यात रंगमंच, नटांचा रंगपट, प्रेक्षक सगळे आले. कारणही दिलंय: यापेक्षा मोठं केलं तर उच्चार अस्पष्ट होतात आणि चेहऱ्यावरचे भाव दिसेनासे होतात. इतक्या जुन्या ग्रंथातला हा विचार आजच्या कुठल्याही दिग्दर्शकाच्या कामाचा आहे. तेव्हा तालमी सुरू करण्याआधी एका संध्याकाळी तुमच्या सभागृहात जा. एकाने रंगमंचावर उभं राहून रोजच्या आवाजात बोलायचं, बाकीच्यांनी शेवटच्या रांगेत, दोन्ही टोकांना आणि बाल्कनी असेल तर तिथे बसायचं. काय ऐकू येतं, कुठे आवाज घुमतो, पंखे चालू केल्यावर काय होतं, कोपऱ्यातल्या खुर्चीवरून विंगेचा, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशाचा, आतला भाग दिसतो का, हे लिहून काढा. तालमी मग कुणाच्या गच्चीवर किंवा शाळेच्या वर्गात होऊ देत, त्या या कागदावरच्या मापाने होतील.

अंतर कळलं, आता घडण्याकडे येऊ. यादीतला ‘संघर्ष’ हा शब्द ऐकला की नवे गट आरडाओरडा शोधतात. भांडण म्हणजे संघर्ष असं समजून प्रवेशच्या प्रवेश चढ्या आवाजात होतात आणि दहाव्या मिनिटाला प्रेक्षक बधिर होतो. संघर्षाची माझी कामचलाऊ व्याख्या अशी: एका माणसाला दुसऱ्याकडून काहीतरी हवंय आणि ते सहज मिळत नाहीये. बस. समजा, मुलगी वडिलांना सांगायला आलीय की तिला दूरच्या शहरात नोकरी लागली. वडील घरावर नवे पत्रे घालण्याचा हिशोब घेऊन बसलेत आणि ‘तुझ्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला हवी?’ असं विचारतायत. आवाज कुणीच चढवलेला नाही. पण तिला निरोप हवाय, त्यांना ती घरात हवीय, आणि दोघंही पत्र्यांबद्दल बोलतायत. हा संघर्ष शेवटच्या रांगेतल्या माणसाला पुढे झुकवतो.

विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (1967) या दृष्टीने वाचून काढा, आणि एकदा नव्हे, तीनदा. रचना शिकण्यासाठी मराठीत त्याहून चांगलं नाटक मला सांगता येणार नाही. एक हौशी मंडळी गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला आलीय. प्रयोगाला वेळ आहे. गावातल्या सामंतला ऐनवेळी साक्षीदार म्हणून उभं करायचंय, तर त्याला कोर्ट कसं चालतं ते कळावं म्हणून गंमत म्हणून एक खोटा खटला भरायचा ठरतो. आरोपी म्हणून बेणारेबाईंना पुढे करतात, आरोप भ्रूणहत्येचा. खेळ म्हणून सुरू झालेली गोष्ट हळूहळू तिच्या खऱ्या आयुष्यावर येते आणि मग तिला शिकार केल्यासारखं घेरलं जातं. आता घटक बघा. स्थळ एकच: सभागृह. बाहेर जायचं दार एकच. नाटकाच्या सुरुवातीला त्या दाराच्या कडीत बेणारेचं बोट चेमटतं. आपण ते हसण्यावारी नेतो. पुढे ती खटला सोडून जायला निघते तेव्हा दार उघडत नाही, बाहेरून कडी लागलेली असते. नेपथ्यातली एक कडी इथे कथानक झाली. ज्याच्याभोवती सगळं फिरतं तो प्राध्यापक दामले रंगमंचावर येतच नाही. रिकामी राहिलेली त्याची जागा हे पात्र झालं. आणि खटल्याची भाषा, ‘मिलॉर्ड’पासून सगळी, खेळातली म्हणून कानावर पडते आणि शेवटी तीच शिक्षा सुनावते. कथानक, पात्र, संवाद, नेपथ्य असे वेगवेगळे कप्पे तुम्हाला या नाटकात करताच येणार नाहीत. चांगल्या संहितेत ते तसे नसतातच.

म्हणून संहिता निवडताना विषय किती ज्वलंत आहे हे आधी पाहू नका. स्पर्धेच्या एकांकिकांमध्ये हे फार होतं: विषय मोठा, आणि पात्रं त्या विषयावर एकमेकांना लेख वाचून दाखवतायत. संहिता हातात आली की प्रत्येक प्रवेशापुढे पेन्सिलने एक ओळ लिहा: कोणाला कोणाकडून काय हवंय. ओळ लिहिता आली नाही तर तो प्रवेश एक तर कापायचा आहे, नाहीतर तुम्हाला अजून कळलेला नाही. नाट्यशास्त्राच्या परंपरेत कार्याच्या पाच अवस्था सांगितल्यात: आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती, फलागम. शेवटी फळ मिळतंच, हे आजच्या नाटकाला लागू होईल असं नाही. पण मधली ‘प्राप्त्याशा’, म्हणजे आता हातात येईल असं वाटण्याची जागा, ती प्रत्येक चांगल्या एकांकिकेत असते आणि नवे गट नेमकी तीच घाईत ओलांडतात. आशा नीट लागू द्या. ती लागलीच नाही तर मोडल्याचं दुःख कुणाला होणार?

ॲरिस्टॉटलने शोकनाट्याचे सहा घटक सांगितले: कथानक, स्वभाव, विचार, भाषा, गीत आणि दृश्य. त्याने कथानकाला पहिलं स्थान दिलं आणि दृश्याला शेवटचं. कथानकाबद्दल मी त्याच्याशी सहमत आहे, दृश्याबद्दल नाही. त्याचं म्हणणं असं की शोकनाट्याचा परिणाम प्रयोगावाचून, नटांवाचूनही होतो. वाचणाऱ्यापुरतं ते खरं असेल. आपण मात्र नट आणि प्रेक्षक यांच्यासाठी काम करतो.

संवादांकडे येतो, कारण मराठीत एक अडचण आहे जिच्याकडे पुस्तकं लक्ष देत नाहीत. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकार तर त्याच्याही मागे. ‘मी त्या दिवशी तिकडे गेलो नाही.’ नव्या नटांची सवय अशी की वाक्याची सुरुवात जोरात आणि श्वास संपत आला की शेवट गिळायचा. शेवटच्या रांगेत ‘मी त्या दिवशी तिकडे गेलो’ एवढंच पोहोचतं. अर्थ उलटा झाला, आणि कथानकातला एक दुवा गेला. म्हणून पहिल्या वाचनापासून शेवटच्या शब्दावर बोट ठेवा. जोर द्यायचा नाही, फक्त श्वास तिथपर्यंत पुरवायचा. पुढचा नट आपलं वाक्य त्याच शब्दावरून उचलतो, त्यामुळे शब्द गिळला की त्याचाही क्यू, म्हणजे बोलायची खूण, जातो आणि दोन वाक्यांच्या मधे ती निरर्थक पोकळी पडते, जिला लोक ‘नाटक पडलं’ म्हणतात.

दुसरं, भाषा त्या माणसाची असते. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त वऱ्हाडातल्या वाड्यात राहिलेले आणि मुंबईहून आलेले एकाच घरातले असूनही वेगळे ऐकू येतात, नाटकातलं अंतर तिथेच कानावर पडतं. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधली (1970) गणपतराव बेलवलकरांची स्वगतं भारदस्त आहेत, कारण आयुष्यभर मोठ्या भूमिका केलेला म्हातारा नट ती बोलतोय. त्याला घर उरलेलं नाही, पण भाषा उरलीय. निवड चाचणीला येणारी मुलं ती स्वगतं फार म्हणतात, आणि बहुतेक जण डॉ. श्रीराम लागूंचा आवाज म्हणतात. मी त्यांना एवढंच विचारतो की हे तू कोणाला सांगतोयस आणि त्याने काय करावं म्हणून. स्वगतालाही ऐकणारा लागतो. तो रंगमंचावर नसेल तर आठवणीत असेल, देवळात असेल, प्रेक्षकांत असेल. तो ठरला की ओरडणं आपोआप कमी होतं.

अभिनयाचे चार प्रकार तुम्ही वाचले असतील: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. शरीर, वाणी, वेष-सजावट आणि आतून येणारं. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, चेहऱ्याचा रंग उडणं, अश्रू आणि शुद्ध हरपणं हे आठ सात्त्विक भाव. गडबड या चौथ्यापाशी होते. नट थेट अश्रू आणायला जातो. कपाळाला आठ्या, घसा दाटलेला, आवाज थरथरता. बघणाऱ्याला कळतं की हा रडायचा प्रयत्न करतोय, आणि तो मागे टेकून बसतो. तालमीत मी ‘दुःखी हो’, ‘चिडून बोल’ असं सांगणं टाळतो. प्रत्येक वाक्यासमोर क्रियापद लिहायला लावतो: टाळतो, पटवतो, डिवचतो, गोंजारतो, चाचपतो, झाकतो, दटावतो, भीक मागतो. ‘जेवलास का?’ हा एकच प्रश्न यातल्या प्रत्येक क्रियापदाने बोलून बघा. क्रियापद करता येतं. भाव करता येत नाही, तो करण्यातून येतो.

आणि ऐकणं. मला एकच गोष्ट शिकवायची मुभा दिली तर मी हीच शिकवेन. रंगमंचावर ज्याला वाक्य नाही त्याचं काम वाक्य असलेल्यापेक्षा अवघड असतं. समोरचा बोलतोय तेव्हा आपलं पुढचं वाक्य मनात घोळवणारा नट शेवटच्या रांगेतूनही ओळखू येतो. त्याची नजर स्थिर असते पण रिकामी. प्रेक्षक बोलणाऱ्याकडे जितका बघतो तितकाच ऐकणाऱ्याकडेही बघतो, कारण बोलण्याचा परिणाम तिथे दिसतो. एक सराव देतो. दोघांनी समोरासमोर बसायचं, संहिता हातात. ‘अ’चं वाक्य झालं की ‘ब’ने आपल्या वाक्याआधी समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द मोठ्याने म्हणायचे, मग स्वतःचं वाक्य. कंटाळवाणा वाटेल. आठवडाभर करा. पॉज कुठे घ्यायचा हे मग वेगळं शिकवावं लागत नाही. जिथे ऐकलेलं आत उतरायला वेळ लागतो तिथे तो पडतो.

पाठांतराचा प्रश्न इथेच येतो. माझं मत असं की वाचनाच्या तालमी भरपूर होऊ द्या, हालचाली बसायला लागल्या की पाठांतर आपोआप निम्मं होतं. घरी आरशासमोर एकाच चालीत पाठ केलेली वाक्यं नंतर मोडता येत नाहीत. चाल मनात रुतते आणि समोरचा काहीही करो, वाक्य त्याच सुरात येतं. पाठ करायचंच तर सपाट, भाव न घालता करा. आणि प्रॉम्प्टर, म्हणजे विसरलेलं वाक्य आडून सांगणारा, ठेवा, त्यात कमीपणा नाही. पण रंगीत तालमीच्या बरंच आधी त्याला गप्प बसवा.

जागेबद्दल थोडं सविस्तर सांगतो. रंगमंचाची उजवी-डावी नटाच्या बाजूने मोजतात, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाका, नाहीतर तालमीत रोज गोंधळ. पुढे-मध्ये-मागे, उजवीकडे-मध्ये-डावीकडे असे ढोबळ नऊ भाग कल्पा. मग हौशी नाटकातली ती ओळखीची मांडणी बघा: मध्यभागी सोफा, दोन्ही बाजूंना खुर्च्या, आणि सगळी पात्रं फोटोला बसल्यासारखी प्रेक्षकांकडे तोंड करून. सोफा मध्ये ठेवला की सगळ्यात ताकदवान जागा फर्निचरने अडवली आणि पात्रांना चालायला उरली ती त्याच्या पुढची अरुंद पट्टी. तो एका बाजूला तिरका सरकवा. दोन माणसांमधलं अंतर हे तुमचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलकं साधन आहे. मुलगी आणि वडील, मधे पत्र्यांच्या हिशोबाचं टेबल: ती टेबलाला वळसा घालून त्यांच्या बाजूला आली की काहीतरी बदललं, एक शब्द न बोलता. म्हणून ती विनाकारण आधी दोनदा तिकडे जाता कामा नये. हालचालीला कारण हवं आणि ते ‘मला हवंय’मधून यावं, ‘बराच वेळ उभी आहे, जरा फिरव’ यातून आलेली हालचाल प्रेक्षकाचं लक्ष खाते. पाठ दाखवायला घाबरू नका. पाठही बोलते, फक्त त्या वेळी आवाज थोडा वाढवावा लागतो आणि वाक्य लहान असावं.

जागा माणसांनीच उभी करण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे तेंडुलकरांचंच ‘घाशीराम कोतवाल’. डिसेंबर 1972 मध्ये पुण्यात भरत नाट्य मंदिरात त्याचा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शन जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद, नाना फडणवीस मोहन आगाशे. त्यात पुण्याचे ब्राह्मण रांगेत उभे राहून माणसांची भिंत करतात. ती भिंत गाते, डोलते, पाठ फिरवते, आणि तिच्याआड काय चाललंय ते लपवते किंवा उघडं करते. एकच रांग कधी पडदा, कधी समाज, कधी जमाव. नेपथ्याचा खर्च फारसा नाही, पण अर्थ असा की पेंटरने रंगवलेल्या शनिवारवाड्याला तो कधी देता आला नसता: जी माणसं बघत उभी होती तीच आडोसा होती. कीर्तन, तमाशा, खेळे, दशावतार या सगळ्यांतलं काही ना काही त्या रचनेत आलंय. तुमच्या गटात मुलं बरीच असतील आणि पैसे कमी, तर या दिशेने विचार करा. फक्त समूहाच्या हालचाली म्हणजे कवायत नव्हे. त्या रांगेतल्या प्रत्येकाला आपण कोण आणि आपल्याला काय हवंय हे माहीत असावं लागतं.

नेपथ्यातली लहान वस्तू हातात आली की ती प्रॉपर्टी. हिच्याबद्दल गट फार निष्काळजी असतात. ‘प्रयोगाला खरी आणू, तालमीत पेनालाच सुरी समज’ असं चालतं आणि प्रयोगात सुरी हातात आली की नट तिच्याकडेच बघत बसतो. खरी वस्तू, निदान त्याच वजनाची आणि मापाची, उभ्या तालमी सुरू झाल्यापासून हवी. ‘वाडा चिरेबंदी’त वहिनी रात्री घराण्याचे दागिने अंगावर घालते तो प्रसंग आठवा. त्या दागिन्यांचं वजन नटीच्या मानेला कळलं नाही तर वाड्याचं ओझं आम्हाला कसं कळणार? शेवटच्या रांगेतून दागिन्यांची घडण दिसत नाही. मान कशी वर येते ते दिसतं.

प्रकाशाचं पहिलं काम चेहरा दिसणं. वातावरण, रंग, चमत्कार सगळं नंतर. समोरून, वरून साधारण 45 अंशांतून दोन बाजूंनी येणारा प्रकाश चेहऱ्याला गोलाई देतो. अगदी डोक्यावरून टाकला तर डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात आणि डोळे गेले की नट गेला. जुने हॅलोजन असतील तर नटाला अंगावर गरम लागतं, त्यावरून तो प्रकाशात उभा आहे की नाही ते कळतं. आता बऱ्याच ठिकाणी एलईडी आलेत, ते तसे तापत नाहीत. त्यामुळे जमिनीवर टेपच्या खुणा करा आणि ‘लाइट घ्यायला’ शिकवा. निळा-लाल खेळ कमी ठेवा. ब्लॅकआउट तर मोजून. प्रत्येक प्रवेशानंतर काळोख केला की प्रेक्षक तेवढ्यात मोबाइल काढतो आणि परत आणायला पुढची दोन मिनिटं जातात. त्यापेक्षा नटांनीच प्रेक्षकांदेखत खुर्ची हलवून प्रवेश बदलावा; आपल्या लोकनाट्याला हे कधीच अवघड वाटलं नाही.

संगीताचं तसंच. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं तेव्हा पदं सूत्रधाराकडून पात्रांच्या तोंडी आली. बोलणं अपुरं पडतं तिथे पात्र गातं, हा त्यामागचा न्याय. तोच आजच्या पार्श्वसंगीताला लावा. बोलणं, शांतता आणि नटाचा चेहरा पुरत असेल तिथे बासरी नको. प्रत्येक हळव्या वाक्याखाली सूर सोडला की प्रेक्षकाला ‘आता रड’ असा हुकूम गेला, आणि वर वाक्यही नीट ऐकू येत नाही. सभागृहातला ध्वनी रोजच्या जगण्यातून घ्या: पाण्याचा पंप, शेजारचा रेडिओ, एसटीचा हॉर्न. आणि माइक. रंगमंचाच्या कडेला माइक ठेवलेले असतील तर नट नकळत त्यांच्याकडे ओढले जातात, सगळी हालचाल पुढच्या पट्टीत गोळा होते. तालीम माइकशिवाय करा, प्रयोगात ते मदतीपुरते असू देत.

वेशभूषा आणि रंगभूषा यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एक अट: जे अंगावर घालायचं ते तालमीत घालून हालचाल झालेली हवी. धोतर, नऊवारी, टाचेची चप्पल, कमरेला पट्टा, हे चाल बदलतात आणि चाल बदलली की माणूस बदलतो. तरण्या मुलाला म्हातारा करताना चेहऱ्यावर रेघा ओढण्यापेक्षा खुर्चीतून उठायला किती वेळ लागतो ते ठरवा. रेघा तिसऱ्या रांगेपुढे दिसत नाहीत. उठणं सगळ्यांना दिसतं.

आता वेळापत्रक. 40 मिनिटांच्या एकांकिकेला, रोज संध्याकाळी दोन-अडीच तास मिळणार असतील, तर सहा आठवडे धरा. पहिले दोन आठवडे बसून वाचन: कोणाला काय हवंय, क्रियापदं, शेवटचे शब्द, ऐकण्याचा सराव. तिसऱ्या-चौथ्यात वस्तू हातात घेऊन, उभं राहून हालचाली, पण जमिनीवर खडूने खरं माप आखून. दार जिथे असणार तिथे दोन खुर्च्या. पाचव्यात कपडे, न थांबता पूर्ण धाव, आणि सगळ्यांच्या चुका शेवटी सांगायच्या, मधे नाही. सहाव्यात प्रकाश आणि ध्वनी, आणि त्या तांत्रिक तालमीत नटांकडून अभिनयाची अपेक्षा करू नका. तो दिवस लाइटवाल्याचा आणि बॅकस्टेजच्या मुलांचा. त्यांना संहितेची प्रत पहिल्या दिवसापासून द्या. विंगेत उभा असलेला मुलगा नाटक ऐकत असेल तर दार वेळेवर वाजतं.

पैशांचं विचारलंत. सगळ्यात आधी सभागृहाचा एक जादा दिवस विकत घ्या, खऱ्या जागेत रंगीत तालमीसाठी. त्यानंतर समोरून चेहरे उजळतील एवढे दिवे आणि ते चालवणारा जाणता माणूस. त्यानंतर दोन-चार खऱ्या वस्तू. उरलं तर नेपथ्य. भाड्याचे रंगवलेले फ्लॅट, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या खोट्या भिंती, आणून दिवाणखाना उभा करण्यात निम्मे पैसे घालणारे गट मी बरेच पाहिलेत. त्यांच्या नटांना प्रयोगाच्या दिवशीच कळतं की दार उघडताना फ्लॅट हलतो.

त्या रंगीत तालमीला नाटकाशी संबंध नसलेले सात-आठ जण बोलवा. नातेवाईक नकोत. त्यांना शेवटच्या दोन रांगांत पसरून बसवा आणि हातात कागद द्या. नाटक आवडलं का, संदेश कळला का, असं काही विचारू नका. तीनच प्रश्न ठेवा: कुठलं वाक्य ऐकू आलं नाही, कोण कोणाचा काय लागतो हे कितव्या मिनिटाला कळलं, आणि घड्याळाकडे कधी बघितलंत. ती उत्तरं घेऊन उरलेल्या तालमी त्या तेवढ्या जागांवर करा.